अर्ध्या बाकाची कुळकथा

जैतापूरच्या खाडीच्या मुखाशी, यशवंतगडाच्या आश्रयाने वसलेल्या नाटे गावच्या रहिवाशाला मुंबईस जाण्याकरिता जोवर जैतापूर किंवा मुसाकाजी बंदरात आगबोट धरावी लागत असे, तोवर प्रतीक्षायादी नावाच्या वस्तूशी त्याचा परिचय होण्याचे काही कारणच नव्हते. पडावातून बोटीवर चढलेल्या इसमाची वळकटी डेकवर जेवढी पसरेल तेवढी जागा त्याची, असा तेथला अलिखित कायदा होता. जागेवाचून झुलत राहण्याची ही नवी अवस्था रेल्वेने निर्माण केली, आणि तिचे मूळ शोधू गेल्यास ते तिकीट व जागा यांच्या फारकतीत सापडते.

१८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात टॉमस एडमंडसन या स्टेशनमास्तराने अनुक्रमांक घातलेले पुठ्ठ्याचे तिकीट काढले, ते मुख्यतः कारकुनाच्या हिशेबास शिस्त लागावी म्हणून. हे तिकीट म्हणजे वाहून नेण्याचा करार. कोठे बसवून नेणार, याविषयी ते मौन पाळून होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी सुटल्यानंतर आपल्याकडेही सामान्य उतारूंपुरता हाच न्याय दीर्घकाळ चालला. पुढे शायिकांच्या आरक्षणाची तजवीज झाली, प्रत्येक गाडीची प्रत्येक तारखेची नोंदवही निघाली, आणि वहीतल्या जागा भरल्यावरही खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसास विन्मुख पाठविण्याऐवजी त्याचे नाव खाली क्रमाने टिपून ठेवण्याचा प्रघात पडला. या वहीत काय लिहिले आहे ते कारकुनालाच ठाऊक असल्यामुळे क्रमांक कसा वर सरकला, हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती.

वहीच्या या सद्दीला पहिला शह देणाऱ्यांत राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते होते, याचा राजापूर तालुक्यात मोडणाऱ्या नाट्याच्या मंडळींनी अभिमान बाळगावा. १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर फोमची गादी घातली आणि आरक्षणाच्या संगणकीकरणाचा पाया रचला. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत संगणक चालू झाला, १९९९ पर्यंत मोठी केंद्रे परस्परांस जोडली गेली, ऑगस्ट २००२ मध्ये तिकीट घरबसल्या मिळू लागले. आणि ज्या कोकण रेल्वेचा दंडवत्यांनी पिच्छा पुरविला ती १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी पूर्ण होऊन राजापूर रोड हे स्थानकही नकाशावर आले.

आरएसी, म्हणजे रद्द होणाऱ्या जागेच्या भरवशावरचे आरक्षण, हे प्रतीक्षायादीच्या वंशातले सर्वांत चमत्कारिक अपत्य. शायिका कोणी तरी रद्द करणारच, या अनुभवसिद्ध विश्वासावर रेल्वे बाजूच्या खालच्या बाकाचे दोन भाग करून ते दोन अनोळखी इसमांस देते. बसण्याचा हक्क पक्का, निजण्याचा तहकूब, भाडे मात्र पुरे. एखादी शायिका रिकामी झाली की आरएसीतला पहिला तिच्यावर जातो व वेटिंगमधला पहिला आरएसीत येतो. तिकिटावर ‘वेटिंग ४५/१२’ असे दिसते, त्यात पहिला आकडा तिकीट काढतेवेळचा आणि दुसरा आजचा.

परंतु बारावा क्रमांक म्हणजे गाडीतला बारावा, अशी समजूत करून घेणारा फसतो. यादी गाडीची नसून कोट्याची असते. गाडीच्या आरंभस्थानापासून शेवटापर्यंत जाणाऱ्यांची सर्वसाधारण यादी झपाट्याने सरकते. मुंबईस बसून मध्येच राजापूर रोडला उतरणाऱ्याचे नाव पुष्कळदा अनेक लहान स्थानकांच्या सामाईक कोट्यात पडते आणि तेथे जागाच थोड्या असल्यामुळे बाराचे अकरा होण्यास युगे लोटतात. म्हणून काही धूर्त चाकरमानी मडगावपर्यंतचे जादा भाडे भरून तिकीट काढतात व राजापूर रोडला उतरून चालते होतात. गणपतीत ही युक्तीही चालत नाही. तेव्हा साठ दिवस आधी सकाळी आठला खिडकी उघडते आणि चहा निवण्यापूर्वी ‘रिग्रेट’ येते.

अंशतः कन्फर्म तिकिटाचा कायदा मात्र मला मनापासून आवडतो. ऑनलाइन तिकिटावरची सारी नावे चार्ट लागेपर्यंत वेटिंगमध्येच राहिली, तर तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. पण एकाच पीएनआरवरील चौघांपैकी एकट्या आजीला जागा मिळाली तरी उरलेल्या तिघांची नावेही चार्टवर राहतात आणि त्यांना गाडीत चढता येते. जुन्या एकत्र कुटुंबात एकाच्या पगारावर सगळी पंगत जेवत असे, तसाच हा प्रकार. सर्वांनीच बेत रद्द करायचा असल्यास गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत तसे करावे, म्हणजे कन्फर्म नावाचेही पैसे किरकोळ कपात होऊन परत मिळतात. काहीजणच गेले, तर न गेलेल्यांचा दाखला गाडीतल्या टीसीकडून लिहून घ्यावा आणि गाडी पोहोचल्यापासून बहात्तर तासांत टीडीआर, म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज, भरावा, हे ध्यानात असू द्यावे. दाखला मागायला संकोचून पैशांवर पाणी सोडणारे सभ्य गृहस्थ पुष्कळ.

जागा न मिळालेले ते तिघे मग आजीच्या पायांपाशी बसून टीसीची वाट पाहतात. तो रत्नागिरीनंतर येतो, एक शायिका रिकामी झाल्याचे सांगतो, आणि तोवर विलवडे मागे पडून सामान दाराशी नेण्याची वेळ झालेली असते.