एच.आय.व्ही.सह वाढलेल्या मुलांचा प्रौढ उपचारव्यवस्थेतील प्रवेश : आजरा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भारतात एच.आय.व्ही.ची पहिली नोंद १९८६ साली मद्रास येथे झाली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या धोरणात प्रौढ रुग्ण होता, पुढे गरोदर माता आली. जन्मतः बाधित मूल मोठे होईल हे मात्र कोणी गृहीत धरले नव्हते. उपचारच नव्हते, त्यामुळे तसे गृहीत धरण्यास आधारही नव्हता. १ एप्रिल २००४ पासून निवडक शासकीय रुग्णालयांत मोफत ए.आर.टी. औषधे मिळू लागली आणि २००६ च्या अखेरीस बालकांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. त्या औषधांवर जगलेली मुले पुढील दशकात अठराव्या वर्षात पोहोचली. प्रस्तुत प्रश्न या यशातून निर्माण झालेला आहे.

पाश्चात्त्य वैद्यकात 'संक्रमण' म्हणजे बालरोग विभागातून प्रौढ विभागात जाणे. अमेरिकेत दीर्घकालीन आजार असलेल्या किशोरांबाबत अशी भूमिका १९९३ सालीच मांडली गेली होती. आपल्याकडील चित्र निराळे आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयासारखे बालकांसाठीचे केंद्र हा अपवाद होय. जिल्ह्याच्या ठिकाणी, उदाहरणार्थ कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, आजी आणि नातू एकाच ए.आर.टी. केंद्राच्या दारात उभे राहतात. तेथे इमारत बदलत नाही. फाईल कोणाच्या हाती आहे, एवढेच बदलते.

हा बदल नेमका कधी व्हावा, याचे उत्तर मात्र एक नाही. लहान मुलांच्या औषधाची मात्रा वजनावरून ठरते. कायद्याच्या दृष्टीने प्रौढत्व अठराव्या वर्षी येते. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, बारा वर्षांवरील समंजस व कुटुंबाचा कारभार पाहणाऱ्या मुलास धाकट्या भावंडाचा पालक होण्याची मुभा देतो. भावंडाच्या उपचाराची जबाबदारी जो घेऊ शकतो, त्याच्याच आजाराचे नाव घरात त्याच्यापासून लपविलेले असते, ही विसंगती लक्षणीय आहे. 'शक्तीची गोळी' म्हणून वर्षानुवर्षे दिलेले औषध पंधराव्या वर्षी नाकारले जाते, त्यामागे बंडखोरीपेक्षा हे मौन अधिक असावे.

आजऱ्यासारख्या हिरण्यकेशीकाठच्या तालुक्यात याला अंतराची जोड मिळते. कोल्हापूर सुमारे ८५ कि.मी. दूर; गडहिंग्लजमार्गे एस.टी.ने जाऊन येण्यात दिवस मोडतो. शाळकरी मुलासोबत कोणी तरी जात असे. कामावर लागलेल्या तरुणास रजा मागावी लागते आणि रजेचे कारणही सांगावे लागते. लिंक ए.आर.टी. केंद्रांच्या योजनेमुळे औषधे तालुक्यांच्या जवळ आली. परंतु जवळच्या रुग्णालयात ओळखीचे माणूस भेटते, म्हणून दूरचे केंद्रच बरे वाटणारेही असतात. मुंबईस पोटासाठी जाण्याची येथील परंपरा जुनी आहे. तेथे गेलेल्या तरुणाची नोंद नव्या केंद्राकडे रीतसर वर्ग न झाल्यास उपचारात खंड पडतो.

संस्थांतील मुलांचा प्रश्न आणखी कठीण. पंढरपूरची 'पालवी', लातूर जिल्ह्यातील हासेगावचे 'सेवालय' यांनी अनाथ बाधित मुलांना वाढविले. बालगृहाची कायदेशीर मर्यादा अठरा वर्षे. त्यापुढे अनुरक्षणगृहाची तरतूद साधारणतः एकविसाव्या वर्षापर्यंत. सेवालयाने मोठ्या झालेल्या मुलामुलींचे विवाहही लावून दिले. औषधाच्या वेळेइतकाच जोडीदाराला काय व केव्हा सांगावे हा प्रश्न तेथे प्रत्यक्ष उभा राहिला. समुपदेशकाच्या नोंदवहीत त्यासाठी रकाना असण्यापूर्वीच तो या मुलांपुढे आलेला होता.