फळ्यावरील नव्वद नांवें

इ. स. १९३६ च्या फेब्रुवारीच्या ८ तारखेस फिलाडेल्फियांतील रिट्झ-कार्ल्टन हॉटेलांत अमेरिकन फुटबॉलच्या ९ धंदेवाईक संघांचे चालक जमले. समोरील फळ्यावर कॉलेज सोडणाऱ्या ९० खेळाडूंचीं नांवें होतीं. सर्वांत दुबळ्या संघानें प्रथम निवड करावी, ही युक्ति बर्ट बेल ह्यांची. आणि सर्वांत दुबळा संघहि त्यांचाच! परीक्षेचें साधन काय, तर वर्तमानपत्रें आणि ऐकीव कीर्ति. उत्तरपत्रिका तपासण्यांत हयात घालविलेल्या मजसारख्यास ह्याचें हसूं येत नाहीं. पहिली निवड शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरची झाली. तो धंदेवाईक सामना एकहि खेळला नाहीं.

ही चूक क्षुल्लक होय. खरा दोष निराळा. १९३४ पासून १९४५ पर्यंत ह्या लीगमध्यें एकहि कृष्णवर्णी खेळाडू नव्हता. लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा केनी वॉशिंग्टन १९३९ सालीं आक्रमणांत सबंध देशांत पहिला. तरी पुढील निवडींत त्यास कोणीं घेतलें नाहीं. गुण दिसले नव्हते असें नव्हे. सार्वजनिक मैदान भेदभाव करणाऱ्यांस देऊं नये, असा आग्रह कृष्णवर्णी पत्रकारांनीं धरल्यावर १९४६ सालीं रॅम्स संघानें त्यास घेतलें. तोंवर त्याचे गुडघे जायबंदी झाले होते. निवडींत कृष्णवर्णी नांव प्रथम आलें तें १९४९ सालीं, इंडियानाच्या जॉर्ज टॅलिआफेरोचें, तेंहि तेराव्या फेरींत.