राजकीय मतं जुळत नसतील तर मैत्री टिकते का? टिळक-आगरकरांची गोष्ट काय सांगते?

निवडणूक जवळ आली की शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटतो. कुणीतरी ग्रुप सोडतं आणि वर्षानुवर्षांची मैत्री एका फॉरवर्डवर तुटते. पण हे आजचंच नाही. लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांची मैत्रीही अशीच तुटली होती.

मैत्री कशी जमली?

दोघांचा जन्म १८५६ चा. ओळख झाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. सरकारी नोकरी न करता शिक्षणाचं काम करायचं, हे तिथेच ठरलं. १८८१ मध्ये 'केसरी' सुरू झाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्धच्या लिखाणामुळे १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले.

वाद कशावरून झाला?

आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, हा मूळ प्रश्न होता. बालपणी झालेल्या लग्नामुळे नवऱ्याकडे नांदायला जाणं रखमाबाईंनी नाकारलं, तेव्हा आगरकर त्यांच्या बाजूने होते, टिळक विरोधात. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. मुलींचं संमतिवय १० वरून १२ करणाऱ्या १८९१ च्या कायद्यावरही दोघं समोरासमोर आले.

मग बिनसलं कुठे?

मतभेद आधीही होते, तरी काम एकत्र चालायचं. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या कारभारावरून भांडणं झाली, लेखांतून एकमेकांवर वैयक्तिक शेरे आले. १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले, वय अवघं ३८. टिळकांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहिला. त्यात जुन्या सहवासाची आठवण होती आणि आगरकरांच्या कामाची कदरही. पण ते वाचायला आगरकर नव्हते.

आपण काय करू शकतो?

- मुद्द्यावर बोला, माणसावर नको. "हा निर्णय चुकीचा आहे" आणि "तू विकला गेलायस" यात फरक आहे.
- आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगा. त्याने "हो, हेच म्हणतोय मी" म्हटलं, तरच उत्तर द्या.
- ग्रुपवर वाद तापला की फोन करा. बघणारे असले की माघार घेणं कठीण जातं.
- एक विषय राजकारणाबाहेरचा ठेवा. क्रिकेट, ट्रेक, चहा, काहीही.

प्रत्येक वादात मैत्री टिकवायलाच हवी का?

नाही. पुण्यातल्या संपादकांसाठी जो वादाचा विषय होता, ते रखमाबाईंसाठी अख्खं आयुष्य होतं. समोरचा तुमचं माणूसपणच नाकारत असेल, तर दूर होण्यात काही चूक नाही. पण भांडण फक्त पक्षावरून किंवा नेत्यावरून असेल, तर मनातलं चांगलं आजच बोलून टाका. श्रद्धांजलीच्या पोस्टसाठी राखून ठेवू नका.