गोठणगावचे तिबेटी

१९७२ साली अर्धा महाराष्ट्र दुष्काळी कामांवर खडी फोडत होता. त्याच वर्षी आमच्या भंडारा जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, इटियाडोह धरणाजवळच्या गोठणगावात, तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. नाव नोर्गेलिंग. १९५९च्या मार्चमध्ये दलाई लामा ल्हासा सोडून भारतात आले, त्यांच्यामागे हजारो माणसं आली. त्यांच्यासाठी आधी म्हैसूर राज्यात बायलकुप्पे, मग सरगुज्यातलं मैनपाट, ओडिशातलं चंद्रगिरी अशा वसाहती झाल्या. त्यानंतर आमची पाळी आली.

मी साकोलीची. आमच्याकडे या लोकांची ओळख हिवाळ्यातल्या स्वेटरांवरून. लुधियान्याहून उधारीवर माल उचलायचा, थंडीभर शहरोशहरी विकायचा, मग हिशेब चुकता करायचा, हा देशभरातल्या तिबेट्यांचा धंदा. पण मला त्यांची शेती जास्त महत्त्वाची वाटते. सातूचं पीठ खाणारी, याक पाळणारी थंड पठारावरची माणसं मे महिन्यात अंग भाजणाऱ्या झाडीपट्टीत आली आणि धानात उतरली. बांधीत चिखल करायचा, परे उपटायचे, कंबर मोडेस्तोवर रोवणा करायचा, हे सगळं त्यांना नवं होतं. पुढे रोवण्याला आजूबाजूच्या गावांतल्या बायाही त्यांच्या बांध्यांत उतरू लागल्या. मजुरी, उधारी, आठवडी बाजार यांतून ओळख वाढली. स्वेटरवाल्या बाईला मी एकदा भाव विचारला, तर ती म्हणाली, "घ्या ना जी मावशी, तुमच्यासाठी कमी करतो." तिचं ते "जी" अस्सल आमच्याकडचं होतं.

धर्माच्या बाबतीतही त्यांना इथे परकं वाटण्याचं कारण नव्हतं. जवळच्या प्रतापगडावर महाशिवरात्रीची जत्रा भरते आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनींचा दर्गाही तिथेच आहे. १९५६च्या नागपूरच्या दीक्षेनंतर गावोगावी बौद्ध वस्त्या झाल्या होत्या. त्यांच्या गोंपातली, म्हणजे मठातली पूजा आणि आमच्या विहारातली वंदना यांत पुष्कळ फरक, पण बुद्ध कोण हे इथे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. लोसार म्हणजे तिबेटी नववर्ष, सहा जुलैचा दलाई लामांचा वाढदिवस, हे सण त्यांनी जपले. आपलं राखूनही माणूस शेजारी होतो, असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी या वसाहतीकडे बघून बनवलं.

याच काळात युरोपातही असंच घडत होतं. स्वित्झर्लंडने १९६३ मध्ये हजार तिबेट्यांना घ्यायचं ठरवलं. झुरिकजवळच्या रिकोन गावात कुन कुटुंबाच्या भांड्यांच्या कारखान्यात काहींना काम आणि घरं मिळाली. पण तिथे ना शेजारी बौद्ध, ना भिक्खू. तेव्हा मालकांनीच पुढाकार घेतला आणि १९६८ मध्ये टेकडीवर मठ उघडला. भंडाराही पितळी भांड्यांचा जिल्हा, पण इथल्या तिबेट्यांना कारखाना नाही, जमीन मिळाली. आणि मातीत काम करणारा माणूस लवकर गावचा होतो.

कागदावर मात्र तो गावचा झाला नाही. स्वित्झर्लंडमधले अनेक तिबेटी रीतसर स्विस नागरिक झाले. आमच्याकडे दुसरी-तिसरी पिढीही परदेशी म्हणून मिळालेल्या नोंदणी प्रमाणपत्राची मुदत वाढवत राहते. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला तिबेटी कायद्याने नागरिकच, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं. तरी कित्येकजण अर्ज करत नाहीत, कारण तिबेटवरचा आपला हक्क सोडल्यासारखं त्यांना वाटतं. त्यांच्या या निर्णयाचा मला आदर आहे. पण शेतीची जमीनही भाडेपट्ट्याचीच राहावी, हे मला पटत नाही. पन्नास वर्षं ज्यांनी ती कसली, त्यांच्या हातात तिचा पक्का कागद असायला हवा.

१ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि गोठणगाव तिकडे गेलं. धरमशालेतलं तिबेटी प्रशासन मात्र या वसाहतीला आजही भंडाऱ्याच्याच नावाने ओळखतं.