रस्त्याची कड आणि टिटवीचे घरटे



महाड म्हटले की चवदार तळे आठवते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या तळ्याचे पाणी प्याले आणि सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा हक्क आहे, हे दाखवून दिले. दरसाल त्या दिवशी लोक दूरदूरून महाडला येतात. त्याच सुमारास इकडच्या माळांवर आणि रस्त्यांच्या कडेला टिटवीचा विणीचा हंगाम सुरू होतो. तो पावसाळ्यापर्यंत चालतो.

टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीत उथळ खळगा करते, भोवती खडे मांडते आणि बहुधा चार अंडी घालते. मातकट रंगावर काळे ठिपके, त्यामुळे पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. नर-मादी आळीपाळीने सुमारे महिनाभर उबवतात. ऊन तापले की पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि अंडी गार करतात. म्हणजे मोकळी जमीन हवी आणि पाणीही जवळ हवे.

वरकस जमीन आणि गुरचरण ही तिची जुनी जागा. पुढे डांबरी रस्ते झाले. मुंबई-गोवा महामार्गाचा पूर्वीचा क्रमांक 17. 2010 मध्ये तो 66 झाला, पुढे चौपदरीकरण आले. 1993 मध्ये कोकण रेल्वे महाडजवळच्या वीरपर्यंत पोचली. जागोजाग मुरूम, खडी, भराव पडले. टिटवीला हा माळच वाटतो. रुळांमधल्या खडीतही तिची घरटी आढळली आहेत. पण घरटे झाले म्हणजे पिल्लू जगले असे नव्हे. तिथे वाहने आहेत, मोकाट कुत्री आहेत, कावळे आहेत आणि वाळल्या गवताला लावलेली आग आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात अशा पक्ष्यांसाठी कायदाच आहे. रस्त्यालगतची आठ फुटांची पट्टी सोडून बाकी गवत 31 जुलैपर्यंत कापायचे नाही.

टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, असे आपले जुने लोक सांगतात. या अंदाजावर पेरणी ठरवू नका. पण त्या निमित्ताने घरटे हेरताच ना? मग ते राखाही. टिटवी भुंगेरे, मुंग्या, अळ्या, गोगलगाई खाते. ती शेताची राखणदारीण आहे.

एवढे करा:

1. राब भाजण्याआधी जमीन फिरून पाहा. बांधावरचे किंवा रस्त्याकडेचे गवत पेटवू नका.
2. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की नांगर थांबवा. घरट्याभोवती चार हात जागा सोडून पुढे जा.
3. अंडी उचलून दुसरीकडे ठेवू नका. अंडी काढणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.
4. त्या दिवसांत कुत्रे बांधून ठेवा.

महिनाभराचाच प्रश्न आहे. पिल्ले अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात चालू लागतात. मग सोडलेला तुकडा खुशाल नांगरा.