तुलनेसाठी ठेवलेले उंदीर

रूपर्ट शेल्ड्रेक हे नाव मला प्रथम भेटले ते तूर-हरभऱ्याच्या संशोधनात. १९७०च्या दशकात ते हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’मध्ये होते. पुढे तमिळनाडूतल्या एका आश्रमात राहून त्यांनी पुस्तक लिहिले. एका जिवाला जडलेली सवय त्याच्या जातीतल्या इतरांना, रक्ताचे नाते नसले तरी, सोपी होते, हा त्याचा गाभा. १९८१मध्ये ते निघाले तेव्हा ‘नेचर’ने ते जाळण्याजोगे आहे का, असेच विचारले.

या वादाचे मूळ शोधत मी १९२०च्या हार्वर्डपर्यंत गेलो. तिथे विल्यम मॅकडुगल पांढऱ्या उंदरांना पाण्याच्या टाकीतून सुटण्याची योग्य वाट शिकवू लागले. पिढ्यांगणिक चुका घटल्या. शिकलेले वारशाने उतरते, असे त्यांनी मानले. मेलबर्नला विल्फ्रेड एगर यांनी वीस वर्षे हाच प्रयोग केला. शेजारी, ज्यांचे आईबाप कधी शिकलेच नव्हते असा वंशही ठेवला. त्याच्याही चुका घटल्या! एगर यांच्या लेखी वारशाचा दावा तिथे संपला. शेल्ड्रेक यांना त्यातच सामायिक स्मृती दिसली.

मी मात्र तिथेच अडतो. त्या स्मृतीत सगळेच उंदीर सामील असतील, तर तुलनेसाठी वेगळे उंदीर आणायचे कुठून?