घोड्यांसाठी लिहिलेली पत्रं

आपल्या वर्गातले बरेच जण इंजिनिअर झाले आणि मी झालो ‘ढोरांचा डॉक्टर’! इतिहासाची ओढ मात्र सुटली नाही. आपले इतिहासाचे सर म्हणायचे, “सनावळ्या परीक्षेपुरत्या. माणूस कळायला त्याची पत्रं वाचा.” निवृत्तीनंतर ते मनावर घेतलं आणि माझ्याच पेशातला एक पूर्वज भेटला. विल्यम मूरक्रॉफ्ट.

फ्रान्समध्ये पशुवैद्यक शिकलेला हा इंग्रज १८०८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या घोडेपैदाशीचा प्रमुख म्हणून बिहारात पुसा इथे आला. कंपनीला घोडदळासाठी उंच, दमदार घोडे हवे होते. चांगल्या रक्ताचे नर आणल्याशिवाय पैदास सुधारणार नाही आणि ते मध्य आशियात मिळतील, असं तो कलकत्त्याला लिहीत राहिला. १८१२ मध्ये गोसाव्याच्या वेशात तो मानसरोवरापर्यंत जाऊन आला. १८१९ साली बुखाऱ्यासाठी निघाला, तो वाटेत लेहमध्येच दोन वर्षं अडकला. तिथूनही पत्रं चालूच होती. घोड्यांबरोबर चारा, शालीची लोकर, व्यापाराच्या वाटा, रशियाच्या हालचाली, सगळं त्यांत येई. त्यानं लडाखशी परस्पर केलेला करार सरकारनं झिडकारला, पगारही थांबवला. तरी तो पुढे गेलाच. फेब्रुवारी १८२५ मध्ये बुखारा गाठलं, पण मनासारखे घोडे मिळाले नाहीत. परतताना त्याच ऑगस्टमध्ये आजच्या अफगाणिस्तानातल्या अंदखुईला तो वारला. त्याचे कागद मात्र मागे उरले. होरेस विल्सननं ते संपादून १८४१ साली छापले.

हे वाचताना मी अस्वस्थ झालो. मी अधिकारी असताना तालुक्याचा एक तरुण डॉक्टर चारा आणि पैदाशीवर लांबलचक पत्रं पाठवायचा. विचारलं होतं तेवढंच लिहावं, असं मला वाटे. ‘नस्तीबद्ध करावे’ असा शेरा मारून मी ती बाजूला ठेवली. एकही पूर्ण वाचलं नाही.

त्याच पुसात १९०५ साली शेती संशोधन संस्था निघाली. १९३४च्या भूकंपानंतर ती दिल्लीला गेली, पण जाताना गावाचं नाव घेऊन गेली. आपल्याकडच्या ‘पुसा ज्वाला’ मिरचीत ते नाव आजही आहे.

त्या डॉक्टरला मी गेल्या महिन्यात पत्र टाकलं. सर, तुमचं ऐकायला मला चाळीस वर्षं लागली.